कोलमडलेले वेळापत्रक

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात बंगळूरच्या केम्पेगौडा विमानतळावर खोळंबलेल्या प्रवाशांची दाटी झाली होती. धावपट्टी मोकळी होती, विमानेही होती. ती चालवणारे वैमानिक मात्र पुरेसे नव्हते. ५ डिसेंबर या एकाच दिवशी इंडिगो कंपनीची देशभरातील एक हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

थकलेल्या वैमानिकाच्या हातून चूक होऊ नये, म्हणून त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेण्यात आली होती. रात्री विमान उतरवण्यावर कडक मर्यादा घालणारा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. हे नियम अचानक आले नव्हते. ते जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. तयारी मात्र अपुरी राहिली.

पण एका ठिकाणची उणीव देशभर कशी पसरते? सकाळी बंगळूरहून पुण्यास गेलेले विमान पुढे दिल्लीस जाते, तेथून आणखी कोठे. वाटेत दोन तास वाया गेले, की वैमानिकाच्या कामाची मुदत संपते. बदली माणूस नसेल, तर जेथे काहीच बिघडलेले नाही, तेथील प्रवासीही अडकतात. एस.टी.च्या आगारात जादा चालक राखून ठेवतात, तो याचसाठी. रिकामा बसलेला माणूस हिशेबात खर्च वाटतो खरा!

अखेर शासनाने कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट दिली आणि तिच्या फेऱ्यांत दहा टक्के कपात केली.