गोंयकार मोजायच्या चार पट्ट्या

विधानसभा निवडणुकीचे वारे वाहू लागले की गोव्यात ‘भायले’ हा शब्द जरा जास्तच कानावर पडतो. गंमत अशी, की प्रत्येक उमेदवाराचा भायला वेगळा असतो. एकाला बांधकामावरचा कामगार खुपतो, दुसऱ्याला डोंगर कापून बंगले बांधणारा दिल्लीवाला, तिसऱ्याला बाजारात गाळा घेतलेला परप्रांतीय. यातलाच एखादा संध्याकाळी मोतीडोंगरावर किंवा झुआरीनगरात गेला की नळजोडणीविषयी आणि घरं कायदेशीर करून देण्याविषयी बोलतो. तिथेही मतं असतात ना!

२०२७च्या निवडणुकीत आपल्यातले बरेच जण पहिल्यांदा मत देतील. म्हणून उमेदवार हा शब्द उच्चारतो तेव्हा तो कोणती पट्टी लावतो आहे, हे बघायला हवं. माझ्या माहितीत अशा चार पट्ट्या आहेत.

सर्वांत कडक पट्टी रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाची, म्हणजे ‘आरजी’ची. २०२२ला त्यांनी जवळजवळ एकाच मुद्द्यावर निवडणूक लढवली: ‘पोगो’ विधेयक, अर्थात ‘पर्सन ऑफ गोवन ओरिजिन’. चाळीसपैकी एकच जागा मिळाली. सांत आंद्रेमध्ये वीरेश बोरकर अवघ्या ७६ मतांनी निवडून आले. पण राज्यभर नऊ टक्क्यांहून जास्त मतं पडली, आणि तेव्हापासून बाकीच्या पक्षांचे उमेदवारही ही भाषा अधूनमधून बोलू लागले.

पोगोचा गाभा असा: जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कुणी २० डिसेंबर १९६१पूर्वी गोव्यात जन्मलं, तो गोंयकार. नोकऱ्या, घरं, जमीन यांत अग्रक्रम त्याला. ही तारीख हवेतून आलेली नाही. गोवा मुक्त झाल्यावर इथल्या लोकांना भारतीय नागरिकत्व देण्यासाठी केंद्राने १९६२ साली जो आदेश काढला, त्यात हीच तारीख आणि हीच आईवडील-आजीआजोबांची साखळी होती. तेव्हा तिचा उपयोग लोकांना आत घ्यायला झाला होता.

आमच्या घरात ही रेघ जेवणाच्या टेबलावरून जाते. आईचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या पेडण्याचं. बाबांचे वडील मात्र १९६३ला गडहिंग्लज तालुक्यातून मराठी शाळेवर मास्तर म्हणून आले. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हाची ही गोष्ट. बाबांचा जन्म फोंड्याचा, शिक्षण फोंड्यात, दुकान फोंड्यात. पोगोच्या जन्माच्या अटीने मी गोंयकार, बाबा नाहीत. त्यांना हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे मी तुझ्या आईचा पाहुणा!”

तरीही आरजीला मत देणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. गावातली शेतं, भाटं विकली जातात, नगरनियोजन कायद्याच्या कलम ३९ए सारख्या तरतुदीतून अर्जावर झोन बदलून मिळतो, आणि त्याच गावातल्या तरुणाला फ्लॅट परवडत नाही. हा राग खरा आहे. माझा प्रश्न इतकाच, की जमिनीचं रूपांतर करणारा आणि वीटभट्टीवर राबणारा हे दोघं एकाच शब्दात कसे बसवायचे?

दुसरी पट्टी अगदी उलटी. जुलै २०२१मध्ये विधानसभेने ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक संमत केलं. गोव्यात ३० वर्षं राहिलेला तो भूमिपुत्र, आणि १ एप्रिल २०१९पूर्वी बांधलेल्या, २५० चौरस मीटरपर्यंतच्या घराची मालकी त्याला मिळू शकेल, अशी ती योजना. गदारोळ झाला. आदिवासी समाज सर्वांत जास्त दुखावला, कारण भूमिपुत्र ही त्यांची ओळख. शेवटी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना माघार घ्यावी लागली. तिसरी पट्टी आपल्याला रोजची: सरकारी नोकरीसाठी लागणारा १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. म्हणजे राज्य एकच, पण माणूस पंधरा वर्षांनी इथला होतो, तीस वर्षांनी होतो, किंवा कधीच होत नाही.

आता मतदारसंघांच्या पुनर्रचनेकडे येऊ, कारण माझ्या मते खरा हिशेब तिथे आहे आणि प्रचारात त्यावर फारसं कुणी बोलत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला २००३ साली. २००८ची पुनर्रचना झाली ती २००१च्या जनगणनेवर, आणि त्या जनगणनेत गोव्यातल्या अनुसूचित जमातींची संख्या होती फक्त ५६६! साहजिकच राखीव जागा शून्य. २०११च्या गणनेत तीच संख्या १,४९,२७५ निघाली, एकूण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून जास्त. अनुसूचित जातींची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास, आणि त्यांच्यासाठी पेडणे राखीव होता. भूमिपुत्र म्हणून ज्यांचा दाखला सगळे उमेदवार देतात, त्यांच्यासाठी एकही नाही. त्यासाठीचा कायदा संसदेत ऑगस्ट २०२५मध्ये संमत झाला. दहा टक्क्यांच्या हिशेबाने चाळीसपैकी चार जागा होतात, आणि नियमाप्रमाणे जिथे आदिवासींचं प्रमाण सर्वांत जास्त तेच मतदारसंघ राखीव व्हायचे. म्हणजे कुणातरी बिगर-आदिवासी आमदाराची जागा जाणार. तेव्हा उमेदवाराला हे विचारून बघा: आरक्षणाला पाठिंबा आहे, ठीक, तुमचाच मतदारसंघ राखीव झाला तर?

त्याच पुनर्रचनेत काणकोण तालुक्यातला पैंगीण मतदारसंघ मिटला आणि पर्वरी नवा झाला. डोंगराळ, आदिवासी वस्तीच्या तालुक्याची दोनातली एक जागा गेली. पर्वरी फक्त बाहेरून आलेल्यांमुळे वाढली असं नाही, पण मतदारसंघ डोकी मोजून होतात आणि त्या मोजणीत भायला-गोंयकार असा भेद नसतो. भायल्यांविरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या शहरी उमेदवाराच्या मतदारसंघात त्याच भायल्यांची डोकी धरलेली असतात.

बेळगावच्या वाचकांना हे नवीन वाटणार नाही. २००८च्याच पुनर्रचनेत महाराष्ट्र एकीकरण समितीचा गड मानला जाणारा उचगाव मतदारसंघ नकाशावरून गेला. त्या वर्षी समितीची एकही जागा आली नाही, २०१३ला दोन आल्या, २०१८ आणि २०२३ला पुन्हा शून्य. सगळा दोष नकाशाचा नाही. दुहीनेही घात केलाच. पण तिथला मराठी माणूस आपल्याच गावात परका ठरतो तेव्हा त्याला काय वाटतं, हे आठवून गोव्यातल्या मराठी घरांनी ‘घाटी’ हा शब्द उच्चारावा, एवढं मला जरूर वाटतं.

उमेदवार जे बोलतात त्यातलं किती त्यांच्या हातात आहे, हेही बघून ठेवलं पाहिजे. देशात कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १९चा. तो विधानसभेला काढून घेता येत नाही. सरकारी नोकरीसाठी वास्तव्याची अट घालणारा कायदा करण्याचा अधिकार कलम १६प्रमाणे संसदेचा. पुनर्रचनाही आमदार करत नाहीत. मग उरतं काय? बरंच उरतं. झोन बदलायचे नियम, भाडेकरूंची नोंद, कामगारांची सोय, सरकारी जमिनीवरच्या घरांचं धोरण, पंचायतींचे अधिकार. या विषयांवर ज्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, त्याचं भायल्यांवरचं भाषण कितीही रंगलं तरी मला त्यात रस नाही.

चौथी पट्टी मतदारयादीची. ती आजोबा कुठे जन्मले हे विचारत नाही. तुम्ही सध्या नेहमी कुठे राहता एवढंच विचारते. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै किंवा १ ऑक्टोबर, यांपैकी त्या वर्षीच्या कोणत्याही तारखेला अठरा पूर्ण होत असतील तर फॉर्म ६ भरता येतो. शिकायला पुण्याला किंवा बंगळूरला असाल तर गणेशचतुर्थीला घरी याल तेव्हा यादीत नाव आहे का ते बघून घ्या. आमच्या वाड्यावरच्या दोन मुलींची नावं अजून चढायची आहेत.