मनाची सावड



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, खोडव्याची निगा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. आज विषय निराळा आहे, पण आपल्या घराबाहेरचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे एखादे तरी माणूस पनवेलच्या बाजूला आहे. कोणी कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी, कोणी कामोठ्यात खोली घेऊन तळोज्याच्या कारखान्यात, कोणी खारघरला शिकायला. घाट उतरून गेलेली ही माणसे आणि गाव यांना आज मोबाईलने जोडून ठेवले आहे.

गट कार्यालयात पोराची चौकशी केली की वडील सांगतात, "मजेत हाय की! रोज स्टेटसला फोटो असतो." तिकडे पोरगाही मित्रांना सांगतो, "घरी झ्याक चाललंय, परवाच ग्रुपवर नवा ट्रॅक्टर बघितला." फोटोत खारघरचा रुंद रस्ता दिसतो, खोलीचे थकलेले भाडे दिसत नाही. ट्रॅक्टर दिसतो, त्याचा हप्ता दिसत नाही. हुमणी लागलेल्या उसाचे असेच असते. खाली मुळ्या कुरतडल्या जात असतात आणि वर शेंडा हिरवा असतो. पाने पिवळी पडून आपल्या ध्यानात येते, तोवर उशीर झालेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली निघाले. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि ते वाडीवस्तीवर पोहोचले. त्याचा फायदा झाला हे खरेच. हवामान, बाजारभाव, रोगकीड यांची माहिती बांधावर मिळू लागली. पण दुसऱ्याचे निवडक सुख रात्री अंथरुणात पडून पाहत राहायचे आणि त्याच्याशी आपला सगळा दिवस ताडून बघायचा, ही सवय मनाला पोखरते. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली याविषयी जाहीर इशारा दिला. हे घराणे मूळचे कर्नाटकातील मंड्या या ऊसपट्ट्याच्या जिल्ह्यातले. दिवसाला ३ तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालविणाऱ्या किशोरवयीन मुलांना उदासी आणि चिंता यांचा धोका दुप्पट असतो, असे त्या इशाऱ्यात म्हटले आहे. त्याच कागदात दुसरी बाजूही आहे: एकट्या पडलेल्याला याच माध्यमातून आपल्यासारखा दुसरा माणूस भेटतो व आधार मिळतो.

हा आधार म्हणजे काही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत १९३५ साली दारूच्या व्यसनाने गांजलेल्या दोघांनी एकमेकांना धरून उभे राहायचे ठरविले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. १९५७ साली ती मुंबईत आली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तिथेही व्यसनातून सुटलेला माणूस नव्याने आलेल्याचा हात धरतो. अल्कोहोलिक्सच्या बैठकीची रीत साधी आहे. एकाने आपले खरे सांगायचे, बाकीच्यांनी ऐकून घ्यायचे, आणि कोणाचे नाव बाहेर काढायचे नाही. २०२० च्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली, तेव्हा याच बैठका मोबाईलच्या पडद्यावर भरल्या. याचा अर्थ इतकाच, की मोबाईल तोच असतो. त्यावर आपण काय करतो, त्याला महत्त्व आहे.

आपल्याकडे याला चांगला शब्द आहे: सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. सावडीत कोणी उपकार करीत नाही आणि कोणी लाचार होत नाही. तशी मनाचीही सावड करता येईल. मात्र तीनशे जणांच्या गावच्या ग्रुपवर कोणी आपले दुःख मांडणार नाही. तिथे ऐकणाऱ्यांपेक्षा चेष्टा करणारेच जास्त. पाच-सहा समदुःखी माणसांचा लहान गट करावा. पनवेलकडे असलेल्या एका गावच्या पोरांनी करावा, तसाच इकडे आयाबायांनीही करावा. त्यात पुढाऱ्यांचे फोटो, सुप्रभात आणि उणीदुणी नकोत. आठवड्यातून एकदा बोलायचे, आणि सुटीला एकमेकांच्या खोलीवर प्रत्यक्ष जायचे.

याला मर्यादाही आहे. शेजाऱ्याचा अनुभव जरूर ऐकावा, पण मातीचा नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. झोप उडाली, जेवण तुटले, कामात मन लागेना, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करावा. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आणखी एक, फार निकडीचे. ग्रुपवर कोणी "आता जगण्यात राम नाही" अशासारखे लिहिले, तर अंगठा दाखवून पुढे जाऊ नका आणि तो मजकूर दुसरीकडे पाठवूही नका. लगेच फोन लावा. "जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट मनावरचे ओझे उतरते. जवळ राहणाऱ्याला खोलीवर धाडा, एकटे सोडू नका. घरात तणनाशक, कीटकनाशक असेल तर कुलपात ठेवा. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जिवावर उठलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. त्याला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार द्यायचा असतो.

सभासद बंधूंनो, तोडीची तारीख आणि बिलाचा हप्ता विचारायला आपण दहा वेळा फोन करतो. या आठवड्यात एक फोन पनवेलला लावा. पोराच्या पगाराचे विचारू नका. झोप लागते का, जेवतो कोणाबरोबर, एवढेच विचारा आणि मग गप्प राहून ऐका. जमल्यास घरची खरी गोष्टही सांगा. आपण खरे बोललो, तर तोही बोलेल.

आपला,
ऊस विकास अधिकारी