तंबाखूचे दव आणि आपली कातडी

कातडी म्हणजे अंगावरचे नुसते पांघरूण, अशी आपली समजूत असते. खरे तर तो एक जिवंत अवयव आहे. मोठ्या माणसाची कातडी पसरली तर दीड ते दोन चौरस मीटर भरेल. सर्वांत वर मृत पेशींचा पापुद्रा असतो. विटा चुन्याने सांधाव्यात तशा या पेशी स्निग्ध द्रव्याने सांधलेल्या असतात. त्यामुळे शरीरातले पाणी आत व रोगजंतू बाहेर राहतात. खालच्या थरात रक्तवाहिन्या, मज्जातंतू व घामाच्या ग्रंथी असतात.

परंतु हे कुंपण सगळेच अडवीत नाही. वडोदरा जिल्ह्यात व शेजारच्या चरोतरात तंबाखू पिकतो. त्यातील निकोटिन पाण्यात विरघळते तसे स्निग्ध द्रव्यातही विरघळते. म्हणून पानावरच्या दवातून ते कातडीत व तेथून रक्तात शिरते. मग डोके दुखते, चक्कर येते, उलट्या होतात. तंबाखू न खाणाऱ्यालाही हा त्रास होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गुजरातच्या तंबाखू मजुरांत अशीच लक्षणे नोंदवली होती.

म्हणून दव सुकल्यावरच पानाला हात लावावा. लांब बाह्यांचा सदरा व रबरी हातमोजे घालावेत, मजुरांनाही द्यावेत. जखम झाकावी. भिजलेले कपडे लगेच बदलावेत. साबणाने हात धुऊनच जेवायला बसावे. मुलांना व गरोदर स्त्रियांना या कामाला लावू नये. त्रास झाल्यास काम थांबवून अंग धुवावे आणि तंबाखूत काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे; नाहीतर अपचन समजून भलताच इलाज होईल.