गाणे पाठ, कवी कोण?

जयंती जवळ आली की प्रत्येक वस्तीत एक वाद ठरलेला असतो. मंडळाच्या पोरांना डीजे हवा असतो आणि वडीलधाऱ्यांना तो नको असतो. "बाबासाहेबांच्या नावाने हा कसला धिंगाणा? आमच्या वेळी गाणी होती, गाणी!" असे आजोबा म्हणतात. पोरे मान खाली घालून ऐकून घेतात आणि संध्याकाळी डीजेवाल्याला इसार देऊन येतात.

वाचकहो, या भांडणात कोणाची बाजू घ्यावी, असा प्रश्न पडला म्हणून आम्ही आधी आमच्याच पिढीचा हिशेब मांडायला बसलो. आमची पिढी म्हणजे कॅसेटची पिढी. १९८० च्या सुमारास शाळेत जाणारी, आणि १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले तोवर मिसरूड फुटून कामधंद्याला जुंपलेली. आम्ही कोण, कोणाचे, हे आम्हाला पुस्तकातून कळले असे म्हणणे खोटे ठरेल. पुस्तके पुढे आली. आधी कानावर गाणी आली.

खरे तर प्रत्येक पिढीच्या गाण्याला तिच्या वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलेच आहे. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे काढले. तमाशाचाच साचा घेतला, त्यातले देवादिक बाहेर काढले आणि समतेचा विचार आत घातला. तमाशाचे नाव काढले तरी कपाळाला आठ्या घालणारी माणसे तेव्हाही असणारच. जलशानंतर गायन पार्ट्या आल्या, त्यांच्याबरोबर कव्वालीचा सामना आला. हा बाज शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यांतून आपल्याकडे आला आणि आपलाच होऊन राहिला. पेटी, ढोलकी, बेंजो आणि मागे टाळ्या देणारा कोरस. एका पार्टीने सवाल टाकायचा, दुसरीने त्याचे उत्तर तिथल्या तिथे गाण्यातून द्यायचे. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, विठ्ठल उमप, विदर्भात नागोराव पाटणकर, या नावांवर रात्र रात्र मैदान भरायचे. सकाळच्या पाळीला जाणारा कामगार डबा घेऊनच गाण्याला येई आणि तिथूनच थेट गिरणीची वाट धरी. मध्येच माईकवरून बक्षिसे पुकारली जात. दोन रुपये देणाऱ्याचेसुद्धा नाव पुऱ्या पत्त्यानिशी घेतले जाई, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे नावाचाच प्रश्न येणार आहे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आमचे थोरले भाऊ त्या पिढीचे. केस मानेवर रुळणारे, पायात बेलबॉटम, ओठांवर नव्या कविता. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीने त्यांना फार लवकर मोठे केले. त्यांच्या तोंडी गाण्यापेक्षा घोषणा अधिक असत. तरी जयंतीच्या रात्री तीच पोरे पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसलेली दिसत.

मग घरात टेपरेकॉर्डर आला. कोणी बोनसमधून घेतला, कोणी हप्त्याने, कोणाच्या आखातात गेलेल्या मामाने आणला. सगळ्या चाळीत मिळून एक असला तरी पुरे होता. रेकॉर्ड ही चैनीची वस्तू होती, कॅसेट आपल्या खिशाला परवडणारी निघाली. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलेला माणूस येताना कॅलेंडर, एक पुस्तक आणि दोन कॅसेटी घेऊन येई. नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलेल्यांचेही तेच. कॅसेट गुंतली की पेन्सिल घालून रीळ गुंडाळायचे, तुटली तर नेलपॉलिशने सांधायची, हे कसब आमच्या पिढीच्या प्रत्येकाला येते. मिथुनसारखे केस ठेवणारा, 'डिस्को डान्सर' पाहून आरशासमोर हातवारे करणारा पोरगाही एप्रिलमध्ये पांढरा सदरा घालून स्पीकरशेजारी उभा असे, आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नसे.

विसंगत वाटे ते वडिलांना. चाल सिनेमाची आणि शब्द बाबासाहेबांचे, हे त्यांच्या गळी उतरत नसे. पण त्यांनाही एक गोष्ट ठाऊक होती. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिले गीत लिहिले ते सिनेमाच्या गाण्याचे विडंबनच होते, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत पडेल ती मजुरी करीत होता आणि अक्षरओळख त्याने मोठेपणी करून घेतली होती. ओळखीची चाल असली की गाणे एका रात्रीत पाठ होते. वाजवायला वाद्यवृंद लागत नाही, नुसत्या डब्यावर ठेका धरला तरी भागते. गरिबाच्या गाण्याला चाल उसनी घ्यावी लागते यात लाज कसली?

आमच्या घरोघरी गाण्यांच्या वह्या होत्या आणि त्या बहुतेक बहिणींनी लिहिलेल्या होत्या. मुलींना रात्रीच्या कार्यक्रमात पुढे बसू देत नसत, आईच्या पदराआडून ऐकावे लागे. त्याची भरपाई त्यांनी वहीतून केली. टेप लावायचा, एक ओळ ऐकायची, बंद करायचा, लिहायची, मागे घ्यायचा, पुन्हा ऐकायची. सेल उतरले की गाणारा म्हातारा होई, मग सेल उन्हात ठेवायचे. अशी एकेक वही भरली. शाळेत शुद्धलेखनाला मार खाणाऱ्या पोरींनी ही वही मात्र मोत्यासारख्या अक्षरात लिहिली.

अशा काही वह्या आम्ही हल्ली मुद्दाम पुन्हा चाळल्या. गाणे आहे, गाणाऱ्याचे नाव आहे, कवीचे नाव नाही. पानामागून पान, हेच.

असे का झाले, याचा विचार करू गेल्यावर उत्तर गाण्याच्या घडणीतच सापडले. आपले कवी शेवटच्या अंतऱ्यात आपले नाव गुंफीत. वामनदादांचे 'वामन' असेच येते. संतांच्या अभंगापासून शाहिरांच्या कवनापर्यंत ही जुनीच चाल आहे. ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, करारमदार नाही, त्याच्या मालकीचा तेवढाच शिक्का. मैदानातल्या गाण्याला वेळेचा काच नव्हता, तेव्हा तो शिक्का टिकला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, तीत पाच-सहा गाणी बसवायची. गाणे आखूड करायचे म्हटले की कात्री शेवटच्या अंतऱ्यावर. अंतरा गेला की नावही गेले. वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कवीचे नाव मुंगीच्या अक्षरात. त्यावरून दोन खणी टेपवर घरगुती नक्कल झाली की वर नुसते बॉलपेनने 'भीमगीते, भाग २'. मुंगीही गेली.

वामनदादांचे नाव राहिले, कारण 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' असे त्यांचे संग्रह छापले गेले आणि गावोगाव त्यांना गुरू मानणारी माणसे होती. हरेंद्र जाधव, लक्ष्मण राजगुरू, राजानंद गडपायले ही नावेही जाणकारांना माहीत आहेत. पण ज्यांचे एकच गाणे गाजले, त्या हमाल, शिक्षक, पोस्टमन, गिरणी कामगार कवींचे काय? लग्नात त्यांचे गाणे वाजते, बारशाला पाळणा म्हणून त्यांचेच शब्द म्हटले जातात, आणि त्यांच्या नातवाला ते आपल्या आजोबांचे आहेत याचा पत्ता नसतो. आम्हाला हे फार लागते.

या जागी एक उलटे उदाहरण सांगितले पाहिजे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांना घेऊन १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त भरल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गावही टिपून ठेवलेले आहे. जी बाई कधी स्टेजवर चढली नाही तिचे नाव राहिले, आणि ज्याचे गाणे लाखोंनी ऐकले त्याचे बुडाले!

गायकांचा प्रश्न वेगळा. प्रल्हाद शिंदे यांच्या गळ्यातून निघालेली विठ्ठलाची गाणी आषाढीला महाराष्ट्रभर वाजतात. याच गळ्याने बाबासाहेबांची किती गाणी गायली, हे त्यातल्या अनेक घरांना ठाऊक नाही, ऐकायची इच्छाही नाही. आपल्यातल्याही काहींनी त्यांना बावीस प्रतिज्ञांची आठवण करून देत दूषणे दिली. आम्हाला हा न्याय वाटत नाही. गायकाच्या घरी चूल असते आणि कंपनी जे मागेल ते गावे लागते. आनंद आणि मिलिंद या त्यांच्या मुलांच्या लोकगीतांवर गणपतीच्या मांडवातही लोक नाचले. नाचणाऱ्यांपैकी किती जण जयंतीच्या मिरवणुकीला आले, हे ज्याचे त्याने आठवावे. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. सहा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०१० ला विठ्ठल उमप नागपुरात दीक्षाभूमीवर स्टेजवरच कोसळले ते उठले नाहीत.

गाणे ही आमची ओळख होती, म्हणून ती लपवायचीही वेळ येई. भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्या आपल्या किती कुटुंबांनी पहिला महिना टेपचा आवाज बारीक ठेवला असेल! आडनावावरून घरमालकाला उलगडा झाला नाही, तर गाण्यावरून होई. शिकून सोसायटीत राहायला गेलेली मंडळी आजही खिडकी लावून मगच गाणे लावतात, हे आम्ही पाहिले आहे. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. मे २०१५ मध्ये शिर्डीत मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण पेटले आणि आपल्या एका तरुणाचा खून झाला, अशी फिर्याद होती. वर्तमानपत्रांतून ते प्रकरण देशभर गेले. ज्यांच्या घरी वयात आलेला मुलगा आहे त्या आईने ती बातमी वाचून काय केले असेल? "बाहेर जाताना फोन मुका ठेव," असे सांगणारी आई आम्हाला माहीत आहे. तिच्या मुलाने ऐकले नाही, हेही माहीत आहे.

आता डीजेकडे वळू. पोरांना नाचायला हवे, यात गैर काही नाही. वर्षभर कोणाच्या तरी हाताखाली मान मोडून काम करणारा पोरगा एक दिवस भर रस्त्यात मान वर करून नाचतो, तर नाचू द्यावे. आमची तक्रार दोनच गोष्टींची आहे. एक, भिंतीएवढ्या स्पीकरांनी म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरते आणि पाळण्यातले लेकरू दचकते. दुसरी, त्या दणक्यात मुखड्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरते. कॅसेटने शेवटचा अंतरा खाल्ला होता, डीजेने सगळेच अंतरे खाल्ले. मग त्या गाण्यात काय सांगितले होते, हे पोराला कुठून कळावे?

पण आजची सगळी पोरे ऐकण्यापुरतीच आहेत असे कोणी समजू नये. एकतारीवर दारोदार गाऊन पोट भरणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलवरूनच घराघरांत पोहोचल्या. त्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या. मोबाईल कोणी हातात घेतला होता? पोरांनीच. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेबांची गाणी पॉपच्या ढंगात गाते. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'दि कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायकवादकांचा ताफा जानेवारी २०१८ मध्ये रंगमंचावर आला, त्यात उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गाणारे आणि रॅप करणारे एकत्र होते. आपल्याकडेही वस्तीवस्तीतली पोरे रॅप लिहीत आहेत. आम्हाला त्यातला वेग झेपत नाही, अर्धे शब्द निसटतात. पण एक पाहिले का? रॅपवालाही गाण्यातच आपले नाव घेतो, आपल्या गल्लीचे नाव घेतो. हे त्याला कोणी शिकवले नाही.

तेव्हा जयंतीच्या मंडळांना आमची एक सूचना. डीजे लावायचा तर लावा, पण आदल्या रात्री तासभर पेटी-ढोलकीवर गाणी ठेवा आणि प्रत्येक गाण्याआधी माईकवरून कवीचे नाव पुकारा, दोन रुपयांचे बक्षीस पुकारायचे तसे. नाव ठाऊक नसेल तर वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. चैत्यभूमीवर आता पेनड्राइव्हमध्ये शेकडो गाणी मिळतात, पण त्यांत नाव शोधत बसू नका, सापडणार नाही.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या कॅसेटी असतील तर त्या काढा. आत पांढरी बुरशी दिसली तर तशीच टेपमध्ये घालू नका, रीळ तुटेल आणि टेपही खराब होईल. आधी जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. ठीक वाजली तर शेजारी मोबाईल ठेवून उतरवून घ्या, आणि वेष्टनाच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बहिणीच्या, आत्याच्या, आईच्या वह्या रद्दीत घालू नका. वही उघडली की शेवटच्या अंतऱ्यापासून वाचायला लागा.