पाण्याकाठचा बाजार आणि गाळ्याचे भाडे

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ एका तळ्याच्या काठी जुन्या धाटणीची एक आगबोट उभी आहे. दुरून पाहणाऱ्याला वाटते की आता भोंगा वाजेल आणि बोट निघेल. पण ही बोट कधीही हललेली नाही आणि हलणारही नाही, कारण ती मुळी बोटच नाही. पाण्याखाली काँक्रीटचा पाया घालून त्यावर बांधलेले ते एक हॉटेल आहे. १९७७ साली ते ‘एम्प्रेस लिली’ या नावाने सुरू झाले, १९९६ मध्ये त्याचे ‘फुल्टन्स क्रॅब हाऊस’ झाले आणि २०१७ पासून ते ‘पॅडलफिश’ आहे. गल्ला बदलला, पाटी बदलली, जागा मात्र तीच राहिली.

ज्या बाजारात हे हॉटेल आहे त्याचे आजचे नाव ‘डिस्नी स्प्रिंग्ज’. खाणे, खरेदी आणि रात्रीची करमणूक, तिन्ही एकाच पाण्याकाठी. आपल्या वाचकांपैकी कितीजण तिथे जातील हा प्रश्न वेगळा. पण मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये गाळा घेणाऱ्या व्यापारी बंधूंसमोर आज जे करारपत्र येते, त्यातील कलमे अशाच बाजारांतून आलेली आहेत. म्हणून हा बाजार कसा चालतो ते समजून घेणे फायद्याचे आहे.

डिस्नी कंपनीने १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये ऑरलँडोजवळ आपले करमणुकीचे उद्यान उघडले. बाहेरगावचे लोक दिवसभर उद्यानात फिरत, पण संध्याकाळ झाली की जेवायला आणि खरेदीला बाहेर पडत. तो पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात जात होता. १९७५ च्या मार्चमध्ये कंपनीने तळ्याकाठी लहान लहान दुकानांचे एक गाव वसवले. कौलारू छपरे, लाकडी कठडे, झाडे आणि पाणी. आत जायला तिकीट नव्हते. पाण्याचा उपयोग इथे मालाच्या वाहतुकीसाठी नव्हता. पाण्याकाठी माणूस बसतो, आणि बसलेला माणूस काहीतरी मागवतो, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

पुढे कंपनीला रात्रीच्या धंद्याचा मोह झाला. ऑरलँडो शहरात १९७४ पासून ‘चर्च स्ट्रीट स्टेशन’ नावाचा गाण्या-बजावण्याचा आणि मद्याचा अड्डा जोरात चालू होता. त्याला तोड म्हणून १ मे १९८९ रोजी याच तळ्याकाठी ‘प्लेझर आयलंड’ नावाची रात्रीच्या क्लबांची वस्ती उघडली. एक तिकीट काढायचे आणि सगळे क्लब फिरायचे. रोज मध्यरात्री जणू ३१ डिसेंबर असल्यासारखी आतषबाजी. १९९७ मध्ये तळ्याच्या पश्चिमेला आणखी एक भाग बांधून झाला. तिथे मोठे चित्रपटगृह, गाण्याची जागा, नामांकित स्वयंपाक्यांची हॉटेले आली आणि सगळ्या परिसराला ‘डाऊनटाऊन डिस्नी’ हे नाव मिळाले.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला दुकाने, दुसऱ्या टोकाला चित्रपटगृह आणि मधोमध तिकिटाची, मुख्यतः मोठ्यांसाठीची रात्रीची वस्ती. मुलाबाळांसह आलेले कुटुंब एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना अडखळायचे. दिवसा तो मधला भाग मुडदाड पडलेला असायचा. म्हणजे भाडे, वीज आणि पहारा चोवीस तासांचा, कमाई पाच-सहा तासांची. नंतर रस्ता मोकळा करून तिकीट केवळ क्लबच्या दाराशी ठेवण्यात आले. तरीही जमले नाही. २७ सप्टेंबर २००८ च्या रात्री सगळे क्लब बंद झाले. आमच्या पाहुण्यांना खाणे आणि खरेदी अधिक हवी आहे, असे कंपनीने सांगितले. २०१० मध्ये त्या जागी ‘हायपेरियन वॉर्फ’ उभारण्याची घोषणा झाली, पण तीही गुंडाळली गेली. २०१३ साली नवा आराखडा जाहीर झाला. पाण्याकाठच्या मोक्याच्या जागेतील कित्येक इमारती वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या.

मद्याच्या धंद्यात नफा भरपूर, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. पेल्यामागचा नफा मोठा असतो हे खरेच. पण जागेमागचा, तासामागचा नफा काढला तर चित्र पालटते. रमजानमध्ये मुंबईच्या मिनारा मशिदीच्या परिसरात रात्री जी गर्दी होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रात्रीचा धंदा मद्याशिवाय चालतो हे कोणी शिकवायला नको. तिथे आजोबांपासून नातवापर्यंत सगळे कुटुंब गिऱ्हाईक असते.

सप्टेंबर २०१५ मध्ये या बाजाराचे नाव ‘डिस्नी स्प्रिंग्ज’ झाले आणि मे २०१६ मध्ये ‘टाऊन सेंटर’ हा नवा भाग उघडला. झऱ्याभोवती वाढलेले फ्लोरिडातील जुने गाव, अशी कल्पना रचून तसा कृत्रिम झराही तयार केला. दुकाने आणि हॉटेले मिळून संख्या दीडशेच्या घरात गेली. रात्रीची करमणूक गेली नाही, पण ती मांडणीत मागे सरकली. गाणे जेवणाच्या टेबलाजवळ आले, चित्रपट आणि सर्कशीचा खेळ राहिला. ‘बोटहाऊस’ नावाच्या हॉटेलातून १९६० च्या दशकातील जर्मन बनावटीच्या, पाण्यातही चालणाऱ्या मोटारी तळ्यात उतरवतात आणि त्या सफरीचे पैसे घेतात. सफर करणारे थोडे, काठावरून पाहणारे पुष्कळ, आणि पाहणाऱ्यांसाठी खुर्च्या हॉटेलच्याच.

एक बारकावा मला फार आवडला. उद्यानांत गाडी लावायला पैसे पडतात, या बाजारात मात्र गाडी फुकट लावता येते. त्यासाठी बांधलेल्या बहुमजली इमारती तिथल्या विशेष स्थानिक संस्थेच्या मालकीच्या आहेत. मग लोक इथे फुकट गाडी लावून बसने उद्यानात जाणार नाहीत काय? जातील. म्हणून दुपारनंतर उद्यानांतून बाजाराकडे थेट बस येते, बाजारातून उद्यानाकडे थेट बस जात नाही. कंपनीच्या काही निवासी हॉटेलांतून फुकट होड्या येतात. गिऱ्हाईक आणायचा रस्ता गुळगुळीत, बाहेर न्यायचा खडबडीत.

आता मुख्य मुद्दा, भाड्याचा. आपल्याकडे जुन्या बाजारात पागडी असते किंवा ठरलेले मासिक भाडे असते. धंदा वाढला तर वाढीव पैसा दुकानदाराचा. अशा बांधीव बाजारांत आणि मॉलमध्ये मात्र सर्वसाधारण पद्धत दुहेरी असते. किमान भाडे ठरलेले आणि त्यावर विक्रीचा हिस्सा. आपल्या मॉलवाल्यांच्या भाषेत ‘मिनिमम गॅरंटी’ किंवा विक्रीचा टक्का, यांपैकी जे जास्त होईल ते.

समजा, वर्षाचे किमान भाडे ६ लाख रुपये आणि हिस्सा ८ टक्के. ६ लाख ही रक्कम ७५ लाखांच्या ८ टक्के होते. म्हणजे ७५ लाखांपर्यंत विक्री झाली तर केवळ ६ लाख द्यायचे. विक्री १ कोटी झाली तर वरच्या २५ लाखांवर ८ टक्क्यांनी २ लाख, एकूण ८ लाख. इथपर्यंत सरळ आहे. पण करारात ७५ ऐवजी ५० लाखांपासूनच हिस्सा लागू केलेला असेल, तर त्याच १ कोटीच्या विक्रीवर वरच्या ५० लाखांचे ४ लाख, एकूण १० लाख. टक्का तोच ८, पण गेले दहा टक्के. सही करण्यापूर्वी हा आकडा कुठून सुरू होतो ते पाहावे. दलाल टक्का सांगतो, सुरुवात सांगत नाही.

काही बंधू याला मुदारबासारखी भागीदारी समजतात. तसे नाही. मुदारबामध्ये नफ्याची वाटणी होते आणि भांडवलाचा तोटा भांडवल देणाऱ्याच्या माथी पडतो. इथे जागेचा मालक नफ्यावर नाही, विक्रीवर हात ठेवतो. तुम्ही तोट्यात माल विकला तरी त्याचा टक्का निघाला. तुमच्या तोट्यात तो भागीदार नाही.

म्हणूनच धंद्याप्रमाणे टक्का वेगळा असायला हवा. मिठाईवाल्याच्या शंभर रुपयांच्या विक्रीत त्याची स्वतःची मेहनत आणि नफा बराच असतो. सोनाराचे तसे नाही. १ लाखाच्या दागिन्यात समजा ९० हजारांचे सोने आणि १० हजारांची मजुरी. ८ टक्क्यांनी ८ हजार मालकाला गेले. उरलेल्या २ हजारांत कारागिरांचा पगार कसा भागवायचा? सोनाराने, घड्याळवाल्याने, मोबाईलवाल्याने मिठाईवाल्याचा टक्का कबूल करू नये. विक्रीत जीएसटी धरायचा की वगळायचा, परत आलेला माल वजा होणार की नाही, दुकानात बसून फोनवर घेतलेली घरपोच ऑर्डर मोजणार की नाही, हे लेखी हवे. मालकाला वह्या आणि बिलाचे यंत्र तपासण्याचा अधिकार असतो. ‘ते नंतर बघू’ हे इथे चालत नाही. अमेरिकेतील करारांत तर काही वेळा ठरावीक मैलांच्या आत दुसरे दुकान काढायचे नाही असेही कलम असते, म्हणजे विक्री दुसरीकडे वळू नये.

हॉटेलवाल्यांसाठी वेगळी गोष्ट. जिथे शेजारची बहुतेक हॉटेले मद्य देतात, तिथले किमान भाडे मद्याची कमाई धरून ठरलेले असते, असे समजून चालावे. हलाल हॉटेल घालणाऱ्याला तीच रक्कम फक्त जेवणावर काढायची आहे. त्याने टेबले किती वेळा फिरतील हा हिशेब आधी करावा. पाण्याचा देखावा असेल तर लोक जास्त वेळ बसतात. मद्य विकणाऱ्याला ते परवडते, बिर्याणी विकणाऱ्याला प्रत्येक वेळी परवडेलच असे नाही.

कारागिरांचे काय? १९७६ च्या ऑगस्टमध्ये बोस्टन शहरात जेम्स राऊज या बांधकाम व्यावसायिकाने जुन्या मंडईचा जीर्णोद्धार करून ‘फॅन्युईल हॉल मार्केटप्लेस’ उघडले, तेव्हा बरेच गाळे रिकामे होते. ते झाकण्यासाठी हस्तकलेवाल्यांना नक्षीदार हातगाड्या थोड्या मुदतीवर दिल्या. गर्दी हातगाड्यांपाशीच जमली. तेव्हापासून असल्या बाजारांत हातगाडी ही कायमची गोष्ट झाली. गाडीवाल्याला भांडवल कमी लागते, पण त्याच्या हातात भाडेपट्टा नसतो, थोड्या मुदतीचा परवाना असतो. मुदत संपली की गाडी हलली.

डिस्नी स्प्रिंग्जमध्येही कंपनीने २०१४ मध्ये एकाच छपराखाली सहा छोटी दुकाने मांडली, नव्या मालाला गिऱ्हाईक आहे की नाही ते पारखण्यासाठी. चालला तो माल ठेवायचा, बाकीचा काढायचा. कारागिराने अशा जागेकडे याच नजरेने पाहावे आणि दोन-तीन महिने स्वतःचा माल पारखून घ्यावा. अरिबास बंधू हे स्पेनचे काचकाम करणारे कारागीर १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात गिऱ्हाइकांसमोर काम करत होते. तिथून १९६७ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये जागा मिळाली. पुढे फ्लोरिडातही त्यांची दुकाने आली. काच ज्योतीवर वळताना पाहायला लोक थांबतात, थांबलेला घेतो. बिदरीवाला, हिमरूवाला, पैठणी विणणारा यांना हे नवे नाही. फक्त गाळ्यात विकायचा माल मागे ठेवून, काम करण्याची जागा दारात घ्यावी लागेल, आणि ती दोन-चार फूट जागाही भाड्यात मोजली जाईल.

मोजमापही नीट समजून घ्या. आपल्याकडे ‘सुपर बिल्टअप’ आणि ‘कार्पेट’ यांत मोठा फरक पडतो आणि सामाईक जागेच्या झाडलोटीचा, दिव्यांचा, पहाऱ्याचा आकार वेगळा लागतो. किमान भाडे जरी कमी दिसले तरी हा आकार जोडून एकूण महिना किती पडतो ते कागदावर लिहून मागावे आणि मगच बयाणा द्यावा.