थंडीत शेगडी, चूल, बंब अन् गिझर : घरातला धूर बाहेर कसा काढायचा? कशावर पैसे घालायचे, कशावर नाही?

थंडी सुरू झाली की आपल्या निफाड-चांदवड पट्ट्यात पारा झपाझप उतरतो. पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात अन् घरात शेगडी, बंब, चूल. दारं-खिडक्या बंद होतात, फटीला पोतं लावलं जातं. घर ऊबदार होतं, पण तोच धूर अन् तीच हवा रात्रभर आपल्या छातीत जाते.

चार वर्षांपूर्वीची आमच्या घरातली गोष्ट. बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली. रीतीप्रमाणे बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली, ओवा-बाळंतशोपाची धुरी दिली, वारं लागू नये म्हणून दार-खिडकी गच्च लावली. पहाटे बहिणीचं डोकं ठणकायला लागलं, दोन उलट्या झाल्या. सोबत झोपलेली आईही उठताना भेलकांडली. आम्ही म्हटलं, पित्त झालं असेल. तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खोलीत शेगडी होती का?" बाळ अन् दोघी वाचल्या, कारण आई वेळेवर उठली अन् तिने दार उघडलं. आणखी दोन तास गेले असते तर काय झालं असतं, ते आजही बोलवत नाही.

त्यानंतर या विषयाची माहिती घेत गेलो. ती आज सगळ्यांसाठी मांडतोय.

धूर दोन प्रकारचा असतो

एक धूर दिसतो. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या जळताना निघणारा. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, म्हणून आपण निदान बाजूला तरी होतो. या धुरातले अगदी बारीक कण म्हणजे पीएम २.५. आकार अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा साधारण विसावा-तिसावा हिस्सा. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बायांना साठीत दम लागतो, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, त्यामागे बऱ्याचदा तीस-चाळीस वर्षांची चूल असते. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. लहान मुलांचा न्यूमोनिया अन् बायकांचा मोतीबिंदू यांच्याशीही या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले.

दुसरा प्रकार दिसतच नाही. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. याला रंग नाही, वास नाही. इंधन पुरतं जळलं नाही की हा वायू तयार होतो. कोळसा लालबुंद झाला, धूर थांबला, की आपण म्हणतो "आता शेगडी चांगली पेटली, आत घ्या". नेमकी तिथेच चूक होते. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनही हा वायू निघतच असतो. रक्तात ऑक्सिजन जिथे चिकटतो तिथेच हा चिकटतो, अन् तोही ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट. मग श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपेतल्या माणसाला जागही येत नाही.

शेगडी : बंद खोलीत नाहीच

यात मधला मार्ग नाही. ज्या खोलीत माणूस झोपणार, तिथे निखाऱ्याची शेगडी ठेवायची नाही. "खिडकी थोडी किलकिली ठेवली आहे" एवढ्यावर भरवसा ठेवू नका. शेजारी पाण्याची बादली किंवा तुळशीचं रोप ठेवल्याने काही फरक पडत नाही.

बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा विजेची शेकायची पिशवी वापरा. बाळाच्या अंगाला थेट लावू नका, कातडी भाजते. बाळाला ऊब द्यायची सगळ्यात चांगली जागा आईची छाती. टोपी, मोजे घालून आईच्या अंगाशी धरलं की पुरतं. धुरी देऊ नका असंच डॉक्टर सांगतात, कारण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाला तो धूर झेपत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी यावरून वाद होईल. आमच्याकडेही झाला. समजावून सांगा, पण ऐकू नका.

गॅस गिझर अन् बंब

गॅस गिझर आता खेड्यातही आले. बाथरूम चार बाय पाच फुटांचं, झरोका काचेने बंद केलेला, अन् गिझर आतच भिंतीला. गिझरची ज्योत त्या छोट्या खोलीतला ऑक्सिजन संपवते अन् विषारी वायू सोडते. आंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर येत नाही, दार तोडावं लागतं, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. उपाय सोपा आहे. गिझर अन् सिलिंडर दोन्ही बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा अन् आत फक्त पाण्याचा पाइप न्या. आधीच आत बसवला असेल तर प्लंबरला बोलावून बाहेर काढा. तोवर आधी बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ दार उघडं ठेवा, मगच आंघोळीला जा.

तांब्याचा बंब अंगणात किंवा पडवीत असेल तर काही अडचण नाही. थंडी वाजते म्हणून तो न्हाणीघरात ओढू नका.

चूल : काय पर्याय आहेत?

पहिला पर्याय गॅस. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सप्टेंबर २०१९ मध्ये दिली गेली. म्हणजे शेगडी-सिलिंडर बहुतेक घरांत पोचला आहे. प्रश्न दुसरं सिलिंडर भरण्याचा आहे. चहा गॅसवर अन् भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, असं घरोघरी दिसतं. राज्य सरकारने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांसाठी वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तुमचं नाव यादीत आहे का, ई-केवायसी झालं आहे का, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे गॅस एजन्सीत जाऊन विचारा.

दुसरा पर्याय गोबरगॅस. एक घनमीटर गॅसला रोज साधारण २५ किलो शेण लागतं. गोठ्यात चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचं संयंत्र चालतं अन् लहान कुटुंबाचा स्वयंपाक निघतो. वर स्लरी शेतात जाते. पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी करा.

तिसरा पर्याय निर्धूर चूल. ऐंशीच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम राबवला होता. जुन्या घरांत अजून तिचे पाइप दिसतात, पण खाली चूल नसते. असं का झालं? ओडिशातल्या गावांमध्ये झालेला अन् २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याचं उत्तर देतो. पहिल्या वर्षी बायांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे पाइप साफ केला नाही, फुटलेली चूल लिंपली नाही, वापर कमी झाला अन् फायदा संपला. म्हणून निर्धूर चूल बसवणार असाल तर एवढं पाळा :

१. पाइप किमान चार इंची, सरळ उभा. वाकडा-तिकडा केला की काजळी साचते.
२. पाइपचं तोंड छपराच्या वर दोन-तीन फूट निघालं पाहिजे, अन् त्यावर पावसाची टोपी.
३. महिन्यातून एकदा काजळी झाडा. कॅलेंडरवर अमावस्येला खूण करून ठेवा, विसरणार नाही.
४. सरपण वाळलेलंच घाला. ओलं लाकूड कितीही चांगल्या चुलीत धूरच करतं.
५. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, टायरचा किंवा चपलेचा तुकडा घालू नका. तो धूर लाकडाच्या धुराहून वाईट.

नवीन स्लॅबच्या घरात जुनी चूक

आपल्या जुन्या धाब्याच्या घरात चुलीच्या वर छताला भोक ठेवलेलं असायचं. कौलारू घरात कौलांच्या फटीतून धूर निघून जायचा. आता स्लॅबचं घर झालं, स्लायडिंगच्या खिडक्या आल्या, अन् चूल मात्र आतच राहिली. धुराला वाटच नाही.

घर बांधताना गवंड्याला दोन गोष्टी सांगा. चुलीच्या वर, भिंतीच्या अगदी टोकाला झरोका, अन् समोरच्या बाजूला खालच्या अंगाला ताजी हवा येण्याची वाट. गरम धूर वर जातो, खालून हवा आली तरच वरून धूर निघतो. एक्झॉस्ट फॅन बसवला तरी नियम तोच. दार-खिडकी पूर्ण बंद करून फॅन लावला तर तो नुसता आवाज करतो. अन् जमत असेल तर चूल सरळ पडवीत किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्या. यासारखा स्वस्त उपाय नाही.

थंड देशातली घरंही याच हिशेबाने बांधतात. आपली काही पोरं अमेरिका-कॅनडात आहेत, त्यांना विचारा. तिथे घर गरम करायला फर्नेस नावाची मोठी भट्टी असते, बहुधा तळघरात. आग एका बंद पेटीत जळते, तिचा धूर पाइपने थेट घराबाहेर जातो. घरातली हवा त्या पेटीच्या बाहेरून फिरून गरम होते. धूर अन् श्वासाची हवा एकत्र येतच नाही. हवेच्या वाटेवर धूळ अडवायला जाळी, म्हणजे फिल्टर असतो. तरीही तिथे घराघरात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावतात, कारण धुराचा पाइप चोंदला की तिथेही माणसं मरतात.

हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं का?

मोबाईलवर एअर प्युरिफायरच्या जाहिराती येतात. चांगलं यंत्र आठ-दहा हजारांच्या पुढे, शिवाय फिल्टर बदलायचा खर्च वेगळा. त्यातला हेपा फिल्टर बारीक धूळ-धूर खरंच अडवतो. पण कार्बन मोनॉक्साईड अडवत नाही. म्हणजे शेगडी ठेवून शेजारी प्युरिफायर लावला तर हवा स्वच्छ दिसेल अन् जीव तसाच धोक्यात राहील. घरात चूल पेटत असेल तर फिल्टर काही दिवसांत काळा पडेल अन् पैसे वाया जातील.

घरात दम्याचा किंवा सीओपीडीचा रुग्ण आहे, चूल आधीच बाहेर काढली आहे, पण घर रस्त्याच्या किंवा वीटभट्टीच्या कडेला आहे, अशांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं. घेताना सीएडीआर हा आकडा बघा. यंत्र तासाला किती घनमीटर हवा साफ करतं ते तो सांगतो. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. तासात पाच वेळा हवा साफ व्हायची तर १७० च्या पुढचा आकडा हवा. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका, ओझोन फुप्फुसाला त्रासदायक असतो.

त्याआधी एक फुकटचा उपाय करा. मच्छरची कॉइल बंद करा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बांधा.

खोली गरम करायची तर विजेचा हीटर धूर करत नाही. पण १००० वॉटचा हीटर तासाला एक युनिट जाळतो, २००० वॉटचा दोन. मोठ्या सॉकेटलाच लावा, गोधडीपासून लांब ठेवा, झोपताना बंद करा.

ही लक्षणं ओळखा

शेगडी, जनरेटर किंवा गॅस गिझर चालू असताना डोकं जड होणं, गरगरणं, मळमळ, पाय लटके पडणं. घरात एकाच वेळी दोघा-तिघांना त्रास, अन् बाहेर गेलं की बरं वाटणं. असं झालं तर पित्ताची गोळी घेत बसू नका. दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. वाचवायला जाताना स्वतः आत जास्त वेळ थांबू नका.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून "९८ आहे, काही नाही" म्हणू नका. या विषबाधेत ते यंत्र फसतं, आकडा चांगला दाखवतं. डॉक्टरांना फक्त एवढं आवर्जून सांगा की खोलीत शेगडी किंवा गिझर चालू होता. निदान तिथूनच होतं.

आज संध्याकाळी चूल पेटली की एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा अन् धूर कुठून बाहेर जातो ते बघा. वाट दिसली नाही तर उद्या गवंड्याला फोन लावा. अन् वस्तीवर कुठे बाळंतीण असेल तर तिच्या बाजेखाली डोकावून या.