मक्याच्या भुशावरची उडी

ओढा आडवा आला तर आपण धावत येऊन लांब उडी टाकतो. कुंपण आडवे आले तर उंच उडी घ्यावी लागते. या उंच उडीचा खेळ आहे, आणि त्यात जगात नाव काढलेला एक तरुण आपल्याच महाराष्ट्रातला आहे. त्याचे नाव सर्वेश कुशारे. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरात 1995 साली त्याचा जन्म झाला.

आधी खेळ समजून घेऊ. दोन खांब उभे करतात. त्यांवर चार मीटर लांबीची हलकी दांडी आडवी टेकवून ठेवतात. धावत यायचे, एका पायावर उसळायचे आणि दांडी न पाडता पलीकडे जायचे. दांडीला अंग लागले तरी चालते, पण ती पडता कामा नये. मग दांडी आणखी वर चढवतात. लागोपाठ तीनदा चुकले की गडी बाद.

पूर्वी पलीकडे वाळूत उतरत. 1968 साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने निराळीच तऱ्हा जगाला दाखवली. शेवटची पावले वळण घेत टाकायची, दांडीकडे पाठ करायची, आणि आधी डोके, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय असे दांडीवरून न्यायचे. सगळे अंग एकदम वर उचलावे लागत नाही, हा त्यातला फायदा. फॉस्बरीने सोन्याचे पदक नेले. पुढे सगळे तसेच उडू लागले.

पण यात एक मेख आहे. माणूस पडतो तो पाठीवर, मानेवर. म्हणून खाली जाड, मऊ गादी हवीच. ती महाग. खेड्यातल्या शाळेने ती आणायची कोठून? सर्वेशच्या शिक्षकांनी मक्याचा भुसा वापरून गादी तयार केली! आम्ही उभा जन्म शाळेत घालवला. सामान नाही म्हणून खेळ बंद, हे उत्तर किती सोपे असते ते आम्हांला ठाऊक आहे. मका आमच्या टेंभुर्णीकडेही होतो, पण त्याचा हा उपयोग आम्ही कधी ऐकला नव्हता. मात्र एक सांगून ठेवतो. उघड्या जमिनीवर पोरांना ही पाठीवरची उडी मारू देऊ नका. मान मोडेल.

पुढे सर्वेश सैन्यात गेला. 2019 साली काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने सोन्याचे पदक मिळवले. 2023 साली बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 2.26 मीटर उडी मारून रुपेरी पदक घेतले. त्याच वर्षी चीनमध्ये आशियाई खेळांत तेवढीच उडी मारली, पण तेथे चौथा आला. पदक हुकले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2.15 मीटरवरच गाडे अडले. असे झाले की पुष्कळ जण हाय खातात.

2025 च्या सप्टेंबरात टोकियोला जागतिक स्पर्धा झाली. तेथे उंच उडीच्या अंतिम फेरीत सर्वेश पोचला. तोवर एकही भारतीय तेथवर गेला नव्हता. त्याने 2.28 मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात फूट उडी मारली. त्याची तोवरची ती सर्वांत मोठी उडी. दांडी 2.31 वर चढली, ती मात्र निघाली नाही. तो सहावा आला. पहिला आलेला न्यूझीलंडचा हॅमिश केर 2.36 मीटर उडाला होता, म्हणजे चार बोटे जास्त.